अमेरिकेतल्या पावतीवरची टी, एन, एफ ही अक्षरं कशी वाचायची

गेल्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे न्यू जर्सीत राहायला आले होते. कराडला किराणा दुकानाची वही लिहिण्यात त्यांची उभी हयात गेली. बिल पडताळल्याशिवाय पिशवीतलं सामान फडताळात जाऊ द्यायचं नाही, ही घरची शिस्त. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सामान आणलं आणि ते पावती घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.

"अगं, बेरीज ४५ डॉलर ९९ सेंट येते. त्यांनी ४७ डॉलर २ सेंट घेतलेत. छापील किमतीपेक्षा जास्त कसे घेतले? आणि ही प्रत्येक ओळीच्या शेवटी अक्षरं कसली?"

इथे नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हे दोन प्रश्न पडतात. शिकायला आलेली मुलं, नोकरीसाठी आलेली जोडपी, नातवंडांना भेटायला आलेले आजी-आजोबा, सगळ्यांनाच. बहुतेक जण आठवडाभर गोंधळतात आणि मग पावती न बघताच कचऱ्यात टाकायला लागतात. तसं करू नका. पावती वाचायला अर्धा तास लागतो आणि तो एकदाच लागतो. बाबांबरोबर मी ती ज्या क्रमानं वाचली, त्याच क्रमानं इथे सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करा: फळीवरच्या किमतीत कर नसतो

आपल्याकडे पाकिटावर एमआरपी असते आणि शेजारी लिहिलेलं असतं, 'सर्व करांसहित'. जीएसटी त्या आकड्याच्या पोटातच असतो. पाकिटावर १०० लिहिलं असेल तर दुकानदाराला १०१ घेता येत नाहीत. इथे फळीवरच्या चिठ्ठीवर दिसते ती कराआधीची किंमत. सेल्स टॅक्स काउंटरवर, बेरीज झाल्यावर चढतो. म्हणून ९९ सेंटच्या वस्तूला हातात मोजून ९९ सेंट धरून उभं राहिलात तर काही वेळा ते कमी पडतात.

याचं कारण असं की अमेरिकेत देशभर एकच असा सेल्स टॅक्स नाही. तो राज्यांचा विषय आहे. ४५ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी तो लावतात. अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्याचा सेल्स टॅक्स नाही (अलास्कात मात्र काही गावं आपापला लावतात). त्यावर पुन्हा बऱ्याच राज्यांत काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि शहर आपला वाटा जोडतं. टेक्सासमध्ये राज्याचे ६.२५ टक्के आणि स्थानिक जास्तीत जास्त २ टक्के, म्हणजे बहुतेक मोठ्या शहरांत ८.२५. न्यूयॉर्क शहरात राज्याचे ४, शहराचे ४.५ आणि वाहतूक विभागाचे ०.३७५ मिळून ८.८७५ टक्के. न्यू जर्सीत १ जानेवारी २०१८ पासून राज्यभर ६.६२५ टक्के आहे, वर गावाचा वेगळा कर नाही.

तुमच्या गावाचा दर राज्याच्या कर खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. तो शोधा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या एका आकड्यावर चालतो.

आता पावती समोर ठेवा

बाबांच्या हातातली पावती अशी होती. दुकानाचं नाव वगळलं आहे आणि वस्तूंची आखूड छापील नावं मी मराठीत केली आहेत.

दूध, १ गॅलन — ४.४९ — एफ
अंडी, १ डझन — ३.९९ — एफ
कांदे, ३ पौंड — २.९७ — एफ
टूथपेस्ट — ३.९९ — टी
शाम्पू — ६.४९ — टी
भांड्यांचा साबण — ३.२९ — टी
चॉकलेट बार — १.७९ — एफ टी
टॉयलेट पेपर — ८.९९ — एन
मुलाचा टी-शर्ट — ९.९९ — एन
सबटोटल — ४५.९९
टॅक्स ६.६२५ टक्के — १.०३
टोटल — ४७.०२

बाबांनी पहिल्यांदा ४५.९९ ला ६.६२५ टक्क्यांनी गुणलं. ३ डॉलर ५ सेंट आले. पावतीवर तर १.०३. "म्हणजे यांनी कमी घेतलेत?" कमी नाही. कर सगळ्या वस्तूंवर नव्हताच. कोणत्या वस्तूंवर होता ते त्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

अक्षरांचा शब्दकोश नाही, पण किल्ली आहे

पुष्कळ लोक इंटरनेटवर 'टी म्हणजे काय, एक्स म्हणजे काय' असं शोधतात आणि दहा ठिकाणी दहा उत्तरं मिळून वैतागतात. खरं असं आहे की या अक्षरांचा कुठलाही सरकारी नियम नाही. प्रत्येक दुकान आपल्या गल्ल्याच्या संगणकात हवी ती अक्षरं भरतं. एका दुकानात कर लागलेल्या वस्तूपुढे टी असतो, दुसऱ्यात एक्स, तिसऱ्यात ए. कर नसलेल्या वस्तूपुढे कुठे एन, कुठे ओ, कुठे काहीच नाही. एका दुकानातला 'बी' दुसऱ्या दुकानात वेगळंच काही सांगतो. काही पावत्यांच्या तळाशी बारीक अक्षरात खुलासा असतो. तो आधी बघा. नसला तर पाठ करत बसू नका.

किल्ली आहे दूध आणि टूथपेस्ट. न्यू जर्सीत दुधावर कर नाही आणि टूथपेस्टवर आहे, हे ठरलेलं आहे. नव्या दुकानात पहिल्या फेरीत या दोन वस्तू घ्या. दुधापुढे जे अक्षर आलं ते त्या दुकानाचं 'कर नाही' आणि टूथपेस्टपुढे जे आलं ते 'कर आहे'. बाकीच्या ओळी या दोन्हींशी ताडून बघा. बाबांना हे इतकं पटलं की ते सगळ्या नव्या दुकानांतून एक टूथपेस्ट आणायला लागले.

एफ या अक्षराबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण इथे हमखास चूक होते. बऱ्याच दुकानांत एफ म्हणजे ही वस्तू सरकारी अन्न-मदतीच्या कार्डावर घेता येते. त्या कार्यक्रमाला स्नॅप म्हणतात, जुनं नाव फूड स्टॅम्प. कोणतं अन्न त्यात बसतं याचे मूळ नियम केंद्राचे आहेत, तर कर कशावर लावायचा हे राज्य ठरवतं. दोन्ही व्याख्या जुळत नाहीत. वरच्या पावतीत चॉकलेटपुढे एफ पण आहे आणि टी पण आहे. म्हणजे ते मदतीच्या कार्डावर घेता येतं, पण तुम्ही रोख किंवा क्रेडिट कार्डानं घेतलंत तर कर लागेल. स्नॅपच्या पैशानं घेतलेल्या वस्तूंवर कर घेता येत नाही, हा केंद्राचा नियम आहे. तेव्हा एफ दिसला म्हणजे कर माफ, असं समजू नका. शेजारी दुसरं अक्षर आहे का ते बघा.

कर कशावर लागतो, ते नियम

इथे जरा थांबते, कारण आपल्या स्वयंपाकघराचा संबंध इथेच येतो.

न्यू जर्सीत घरी नेऊन शिजवायचं किंवा खायचं अन्न करमुक्त आहे. तांदूळ, डाळी, पीठ, भाज्या, तेल, तूप, मसाले, पोहे, गूळ, फ्रीझरमधले पराठे आणि सामोसे, यांतल्या कशावरच कर नाही. पण तोच सामोसा दुकानदारानं गरम करून दिला तर तो 'तयार खाद्य' होतो आणि त्यावर पूर्ण कर लागतो. भाजलेली गरम कोंबडीही तशीच. एकाच दुकानात, एकाच पावतीवर, फ्रीझरमधल्या सामोशाच्या पाकिटाला कर नाही आणि काउंटरवरच्या दोन गरम सामोशांना आहे, असं दिसलं तर ती चूक नाही.

न्यूयॉर्कमध्ये याहून बारीक भेद आहे. अख्खा बेगल (कड्याच्या आकाराचा पाव) घरी नेला तर कर नाही. त्यांनी तो कापून दिला किंवा लोणी लावून दिलं तर तयार खाद्य म्हणून कर लागतो.

गोड पदार्थांत 'कँडी' वेगळी काढली आहे आणि तिच्यावर न्यू जर्सीत कर आहे. कँडीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. साखर, मध किंवा दुसरा गोडवा, त्यात चॉकलेट, फळं, सुकामेवा वगैरे घालून वडी, गोळी किंवा तुकड्यांच्या रूपात केलेला पदार्थ म्हणजे कँडी. पण ज्यात पीठ आहे किंवा जो फ्रीजमध्येच ठेवावा लागतो, तो कँडी नाही. म्हणून नुसत्या चॉकलेटच्या बारवर कर आहे आणि किटकॅट, ट्विक्सवर नाही, कारण त्यांच्या घटकांच्या यादीत गव्हाचं पीठ आहे. ही व्याख्या बऱ्याच राज्यांनी मिळून ठरवलेल्या करारातली आहे. त्या करारात पीठ धान्याचंच हवं असंही नाही. वेष्टनावर पीठ हा शब्द असला म्हणजे झालं.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते उठले आणि फडताळातून चिक्कीचं पाकीट आणि बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन आले. शेंगदाणे आणि गूळ, वड्या पाडलेल्या: चिक्की व्याख्येत चपखल बसते, कर लागणार. डब्यातल्या लाडवांच्या घटकांत 'हरभऱ्याचं पीठ' छापलेलं, म्हणजे कँडी नाही, कर नाही. पावती काढून बघितली तर चिक्कीपुढे टी होता आणि लाडवांपुढे एफ. दुकानदारानं बरोबर लावलं होतं. हलवायाकडे सुटी वजनावर घेतलेली मिठाई हा वेगळा प्रकार, तिला तयार खाद्याचे नियम लागू होऊ शकतात. हे गणित पाकीटबंद मालाचं आहे.

पेयांतही असंच. साखर किंवा कृत्रिम गोडवा घातलेल्या थंड पेयांवर कर आहे. दूध आणि दुधाचे पदार्थ यातून वगळलेत, म्हणून ताक-लस्सीला धक्का नाही. फळाचा रस ५० टक्क्यांहून जास्त असेल तर तेही पेय करमुक्त. आंब्याच्या बाटलीवर रसाची टक्केवारी छापलेली असते. ती २० असेल तर कर, १०० असेल तर नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पिवळ्या बाटल्यांपैकी एकीला कर आणि दुसरीला नाही, हे त्यामुळे.

औषधांबद्दल: डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ताप-सर्दीच्या गोळ्यांवर न्यू जर्सीत कर नाही. पण साबण, शाम्पू, टूथपेस्ट ही प्रसाधनं धरतात, मग त्यांत औषध असलं तरी. कोंड्याचा शाम्पू औषधी असूनही टी. टॉयलेट पेपर, कागदी नॅपकिन, डायपर यांना माफी आहे. सॅनिटरी पॅडनाही आहे. अगरबत्ती, कुकर, बादली, बॅटऱ्या यांना कर लागतो.

कपड्यांची बातमी चांगली आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात रोजच्या कपड्यांवर आणि बुटांवर कर नाही. थंडीचा कोट, स्वेटर, हातमोजे, साडी, मुलांचे कपडे, सगळं करमुक्त. मात्र न्यू जर्सीत पर्स, पाकीट, घड्याळ, दागिने, गॉगल, छत्री या वस्तू कपड्यांत मोजत नाहीत, त्यांना कर आहे. मुलाला फुटबॉलसाठी खिळ्यांचे बूट घेतलेत तर ते खेळाचं साहित्य ठरतं आणि कर लागतो. न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरखालच्या कपड्याला कर नाही. १०९ डॉलरचं जाकीट १०९ लाच मिळतं. ११५ डॉलरचं घेतलंत तर वरच्या ५ वर नाही, पूर्ण ११५ वर कर लागतो, म्हणजे १० डॉलर २१ सेंट. किंमत या रेषेच्या आसपास असेल तर तिथेच गणित करा.

हे सगळं न्यू जर्सी-न्यूयॉर्कचं झालं. तुम्ही दुसरीकडे असाल तर दूध-टूथपेस्टची किल्ली तपासून घ्या. टेनेसीत दुधावरही कर आहे, फक्त कमी: साध्या वस्तूंना राज्याचे ७ टक्के, किराण्याला ४. नॉर्थ कॅरोलायनात किराण्यावर २ टक्के. अशा ठिकाणी पावतीच्या तळाशी 'टॅक्स १' आणि 'टॅक्स २' अशा दोन ओळी येऊ शकतात आणि अक्षरंही दोन दरांची वेगवेगळी असतात. टेक्सासमध्ये किराणा माफ, पण कपड्यांना कर आहे. ऑगस्टमधल्या एका शुक्रवार ते रविवारी १०० डॉलरखालच्या बऱ्याच कपड्यांना तो माफ असतो. कॅलिफोर्नियात चॉकलेटला कर नाही, पण सोड्याला (फसफसणाऱ्या थंड पेयांना) आहे.

पडताळणी

टी असलेल्या ओळींचीच बेरीज करा: ३.९९ + ६.४९ + ३.२९ + १.७९ = १५.५६. तिला ०.०६६२५ नं गुणा: १.०३०८. सेंटपर्यंत आणा: १.०३. पावतीवरही १.०३. जुळलं.

लांबलचक पावतीवर याहून सोपं उलटं गणित आहे. कराच्या रकमेला दरानं भागा. १.०३ ला ०.०६६२५ नं भागलं की १५.५५ येतात. म्हणजे त्यांनी साधारण साडेपंधरा डॉलरच्या मालावर कर घेतला. तुमच्या खरेदीत साबण-शाम्पू-सोडा मिळून तेवढ्याचंच सामान होतं का, हे डोळ्यांनीच कळतं. काही सेंटचा फरक कर जवळच्या सेंटपर्यंत आणल्यामुळे पडतो, पाच-दहा डॉलरचा पडला तर मात्र ओळीओळीनं बघा.

न जुळण्याची दोन निर्दोष कारणं असतात. एक कूपन. दुकानानं स्वतः दिलेलं कूपन असेल तर न्यू जर्सीत कर सवलतीनंतरच्या किमतीवर लागतो: ६.४९ चा शाम्पू १ डॉलर सवलतीनं घेतला तर ५.४९ वर. कंपनीचं कूपन असेल तर दुकानाला तो डॉलर कंपनीकडून परत मिळतो, म्हणून कर पूर्ण ६.४९ वर लागतो. दुसरं कारण म्हणजे डिपॉझिट. न्यूयॉर्कमध्ये सोड्याच्या प्रत्येक बाटलीमागे ५ सेंट वेगळे लावतात. तो कर नाही, रिकामी बाटली परत केली की ते पैसे मिळतात. न्यू जर्सीत ही पद्धत नाही.

आणखी एक सुखद अपवाद. न्यू जर्सीतल्या काही शहरांत अर्बन एंटरप्राइझ झोन आहेत, जर्सी सिटी त्यांपैकी एक. तिथल्या नोंदणी केलेल्या दुकानांत कर निम्मा, ३.३१२५ टक्के असतो. सगळ्या दुकानांत नाही, दारावर किंवा गल्ल्यापाशी तशी पाटी असते. शिजवलेलं जेवण, दारू, सिगारेट आणि गाड्या यांना तिथेही पूर्ण दर. मिक्सर-गाद्या-भांडी अशी नव्या घराची मोठी खरेदी असेल तर तिथवर जाणं परवडतं.

चूक सापडली तर

मोठ्या साखळी दुकानांत वस्तूचं कोड एकदा नीट भरलेलं असलं की चूक क्वचित होते. लहान दुकानांत, जिथे कॅशियर हातानं 'किराणा', 'भाजी', 'जनरल' असं बटण दाबते, तिथे होते. आमच्या एका नेहमीच्या दुकानात १० डॉलर ९९ सेंटची तूरडाळ 'जनरल' बटणावर गेली आणि ७३ सेंट कर लागला. बाबांनी बरोबर पकडलं. मला वाटत होतं, ७३ सेंटसाठी कुठे परत जायचं? पण त्या दिवशी त्या रांगेत तूरडाळ घेणारे आम्ही एकटे नव्हतो. गेलो, पावती दाखवली, डाळ अन्न आहे, टी कसा, एवढंच विचारलं. मालकानं ७३ सेंट परत दिले आणि कॅशियरला योग्य बटण दाखवलं.

भांडायला जाऊ नका, वाक्य साधं ठेवा: "या वस्तूवर कर लागलाय, लागायला नको होता, बघता का?" दुकान ऐकत नसेल आणि रक्कम मोठी असेल, समजा मुलांच्या कोटांवर लावलेला कर, तर न्यू जर्सीत राज्याकडे ए-३७३० हा परताव्याचा अर्ज करता येतो. त्याला पैसे भरल्यापासून चार वर्षांची मुदत आहे. पावती मात्र हवीच.

वस्तू परत केलीत तर तिच्यावरचा करही परत मिळायला हवा. परताव्याच्या पावतीवर ती ओळ आहे ना, हे काउंटरवरच बघून घ्या.

डेलावेअरचा लॅपटॉप

हे सांगणं भाग आहे, कारण नवे आलेले सगळे एकमेकांना हा सल्ला देतात: लॅपटॉप डेलावेअरला जाऊन घ्या, कर वाचतो. तिथे कर नाही हे खरं. पण तो लॅपटॉप न्यू जर्सीत आणून वापरलात तर राज्याच्या कायद्यानं तेवढाच 'यूज टॅक्स' तुम्ही स्वतः भरायचा असतो आणि एनजे-१०४० या राज्याच्या आयकर विवरणपत्रात त्यासाठी वेगळी ओळ आहे. बरेच जण ती शून्य भरून सोडतात. तुम्ही इथे नवे आहात, कागद स्वच्छ असलेले बरे. खरा आकडा भरा. ऑनलाइन खरेदीत हा प्रश्न सहसा येत नाही. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बाहेरच्या राज्यातले मोठे विक्रेतेही तुमच्या पत्त्याप्रमाणे कर आधीच लावतात.

शेवटचं एक. या पावत्या उष्णतेनं छापलेल्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत कोऱ्या होतात, गाडीत उन्हात ठेवल्या तर त्याहून लवकर. घरी आल्यावर सामान लावायच्या आधी फोनवर फोटो काढा. लांब पावती असेल तर दोन तुकड्यांत काढा. खालचा, कराच्या ओळींचा भाग स्पष्ट यायला हवा.